तीस लाख डॉलरचा नामंजूर अर्ज

१/
नोव्हेंबर १९७९. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे, म्हणजेच एनएसएफकडे, विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक लॅरी लँडवेबर आणि इतर काही विद्यापीठांतील त्यांचे सहकारी यांचा एक अर्ज दाखल झाला. देशातील संगणकशास्त्र विभाग एकमेकांशी जोडणारे जाळे उभारायचे आहे, त्यासाठी पाच वर्षांत मिळून सुमारे ३० लाख डॉलर द्यावेत, अशी मागणी होती. १९८० च्या आरंभी उत्तर आले. अर्ज नामंजूर.

इंटरनेटच्या इतिहासात १९६९ चा पहिला संदेश सर्वांना ठाऊक असतो. या नामंजूर अर्जाची आठवण मात्र क्वचितच निघते. आजचा थ्रेड त्याविषयी, आणि सरकारी अनुदानाने संगणकजालांचे संशोधन कसे घडवले याविषयी. थोडा लांबेल, सवडीने वाचा.

२/
असा अर्ज करण्याची वेळ का आली, हे कळण्यासाठी तेरा वर्षे मागे जावे लागते.

१९५७ च्या ऑक्टोबरात सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. त्यातून १९५८ मध्ये संरक्षण खात्याच्या छत्राखाली आर्पा ही संशोधनसंस्था जन्मली. १९६६ साली तिच्या संगणकविषयक कचेरीचे प्रमुख होते बॉब टेलर. पेंटागॉनमधील त्यांच्या खोलीत तीन टर्मिनल होती. एक एमआयटीतील संगणकाशी जोडलेले, दुसरे बर्कलेच्या, तिसरे सँटा मोनिकाच्या. प्रत्येकाची आज्ञावली निराळी, प्रत्येकासाठी यंत्र निराळे. आणि तिन्ही संगणकांचे पैसे एकच संस्था देत होती! टेलर आपले वरिष्ठ चार्ल्स हर्झफेल्ड यांच्याकडे गेले आणि हे संगणक परस्परांशी जोडण्याची कल्पना त्यांनी मांडली. परत आले तेव्हा त्यांच्या हाती दहा लाख डॉलरची मंजुरी होती. या भेटीला वीस मिनिटे लागली, असे टेलर पुढे सांगत असत.

३/
इथे क्षणभर थांबू या. अर्ज नाही, परीक्षक नाहीत, समिती नाही. दोन अधिकाऱ्यांनी बोलून दहा लाख डॉलर वळते केले. आर्पाची कार्यपद्धतीच तशी होती: जाणकार माणूस निवडायचा, त्याच्या हाती पैसा द्यायचा आणि त्याच्या निर्णयावर विश्वास ठेवायचा. आज ही गोष्ट ऐकताना ती रम्य वाटते. परंतु अशा पद्धतीत पैसा कोणाकडे जाणार, हे त्या अधिकाऱ्याच्या ओळखीपाळखीवर ठरते, ही तिची दुसरी बाजू. ती बाजू पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

आणखी एक गंमत. ज्या प्राध्यापकांसाठी हे जाळे बांधायचे होते, त्यांतील अनेकांना ते मुळीच नको होते. आपला मौल्यवान संगणक दूरच्या कोणी परक्याने का वापरावा, असा त्यांचा आक्षेप होता. १९६७ साली अ‍ॅन आर्बर येथील बैठकीत ही नाराजी उघड झाली. पण त्यांचे संगणक आर्पाच्याच पैशाने आलेले होते. अन्नदात्याला नाही म्हणणे कठीण असते. हळूहळू सारे तयार झाले.

४/
पुढचा भाग परिचित आहे, म्हणून झरझर सांगतो. लॅरी रॉबर्ट्स यांनी आराखडा केला. १९६८ मध्ये निविदा निघाली. आयबीएमसारख्या बलाढ्य कंपनीने बोलीच लावली नाही. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या तुलनेने लहान संस्थेला काम मिळाले. जाळ्यातील दळणवळण सांभाळणाऱ्या यंत्राचे नाव होते इंटरफेस मेसेज प्रोसेसर. सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी या यशाबद्दल कंपनीला अभिनंदनाची तार पाठवली आणि तीत ‘इंटरफेस’च्या जागी ‘इंटरफेथ’, म्हणजे ‘सर्वधर्मीय’, असे पडले, असा किस्सा सांगितला जातो.

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेकडे ‘लॉगिन’ शब्द पाठवायचा होता. दोन अक्षरे पोचली आणि पलीकडची यंत्रणा कोसळली. वर्षअखेरीस चार ठिकाणे जोडली गेली. या जाळ्याचे नाव आर्पानेट.

५/
एक गैरसमज इथेच दूर करू. आर्पानेट अणुयुद्धात टिकून राहावे म्हणून बांधले, असे आजही पुष्कळ ठिकाणी छापून येते. अणुहल्ल्यानंतरही चालू राहील अशा दळणवळणाचा विचार पॉल बॅरन यांनी रँड संस्थेत केला होता, हे खरे. पण त्यांची योजना त्या काळी प्रत्यक्षात उतरली नाही. आर्पानेटचा हेतू महागडे संगणक वाटून वापरणे हा होता. टेलर यांनी हे पुनःपुन्हा सांगितले आहे.

संदेशाचे लहान लहान तुकडे करून पाठवण्याची कल्पनाही एकट्या अमेरिकेची नव्हती. ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस यांना ती स्वतंत्रपणे सुचली. त्या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव त्यांनीच दिले. त्यांनी देशव्यापी जाळ्याचा प्रस्ताव मांडला. पैसा मिळाला तो प्रयोगशाळेच्या आवारापुरत्या जाळ्यालाच.

फ्रान्समध्ये लुई पूझाँ यांचे ‘सायक्लाड’ हे जाळे सरकारी पैशावर उभे राहिले, १९७३ मध्ये त्याचे प्रात्यक्षिकही झाले. पुढे तिथल्या टपाल-दूरध्वनी खात्याने स्वतःचे वेगळे जाळे पुढे रेटले, सायक्लाडचा निधी आटत गेला आणि १९८१ मध्ये ते बंद पडले. पूझाँ यांच्या कल्पना मात्र अमेरिकनांनी उचलल्या आणि टीसीपी/आयपी या प्रोटोकॉलमध्ये त्या आजही नांदत आहेत. कल्पना कोणाची आणि अनुदान कोणाचे, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी निघाली की श्रेयाची वाटणी कशी बदलते, त्याचा हा नमुना. सायक्लाडवर स्वतंत्र थ्रेड लिहायला हवा.

६/
आता मूळ वाटेवर येऊ.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी विद्यापीठांतील लष्करी पैशाविरुद्ध असंतोष वाढला होता. १९६९ साली सिनेटर माइक मॅन्सफील्ड यांच्या दुरुस्तीमुळे एक नवे बंधन आले: लष्करी कार्याशी थेट संबंध नसलेल्या संशोधनावर संरक्षण खात्याने खर्च करू नये. १९७२ मध्ये आर्पाच्या नावातही ‘डिफेन्स’ हा शब्द जोडला गेला. दुरुस्तीमागील तर्क असा की, मूलभूत संशोधनाला पैसा द्यायचा तर तो नागरी संस्थांनी, विशेषतः एनएसएफने द्यावा. तर्क बिनतोड होता. पण एनएसएफची तिजोरी त्या मानाने लहान होती.

आर्पानेटवर याचा परिणाम काय झाला? ज्यांच्याकडे आर्पाचे कंत्राट आहे, त्यांनाच या जाळ्यावर जागा. इतरांनी दारातून आत डोकावायचेही नाही.

७/
१९७९ मध्ये आर्पानेटवर ६१ ठिकाणे होती. त्यांपैकी विद्यापीठे अवघी १५. त्या वेळी अमेरिकेत संगणकशास्त्राचे विभाग असलेली विद्यापीठे सुमारे १२०. म्हणजे आठांतील एकाला प्रवेश, बाकीचे बाहेर. आणि समजा आर्पाने दार उघडले असते, तरी एका ठिकाणाचा वार्षिक खर्च लाख डॉलरहून अधिक होता. लहान विभागाला तो कुठून परवडणार?

बाहेर राहण्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आतले लोक शोधनिबंधाचा मसुदा लिहीत, तो त्याच दिवशी दुसऱ्या किनाऱ्यावरच्या सहकाऱ्याकडून तपासून येई. नवा प्रोग्रॅम कोणी लिहिला की तो काही तासांत मित्रांच्या यंत्रावर चालू लागे. बाहेरच्यांना हे सारे महिन्यांनी, टपालाने किंवा परिषदेतल्या गप्पांतून कळे. गुणी तरुण प्राध्यापक आणि विद्यार्थी साहजिकच जाळ्यावरच्या विद्यापीठांकडे ओढले जात. नाहीतर सरळ उद्योगांकडे वळत. जेरोम फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये एक अहवालच प्रसिद्ध केला: विद्यापीठांतील प्रायोगिक संगणकशास्त्र संकटात आहे.

दोष कोणा एकाचा नव्हता. टेलर आणि रॉबर्ट्स यांनी उत्तम माणसे निवडली होती. पण निवड झाली की वगळणेही होतेच, आणि दहा वर्षांत त्या वगळण्याची भिंत झाली.

८/
लँडवेबर हे भिंतीबाहेरचे. त्यांचे विस्कॉन्सिन विद्यापीठ काही लहानसहान नव्हे, तरी आर्पानेटवर त्याला स्थान नव्हते. १९७७ मध्ये त्यांनी एनएसएफच्या मदतीने ‘थिअरीनेट’ नावाची एक साधी सोय केली होती. सैद्धांतिक संगणकशास्त्रातील शंभरेक संशोधक दूरध्वनीवरून विस्कॉन्सिनच्या एका यंत्रावर येत आणि परस्परांना ई-मेल लिहीत. साधन तोकडे होते, परंतु त्याने एक गोष्ट दाखवून दिली: ई-मेलची चटक लागलेला संशोधक ते सोडायला तयार होत नाही.

मे १९७९ मध्ये त्यांनी मॅडिसन येथे एक बैठक बोलावली. काही विद्यापीठांचे प्रतिनिधी आले. आर्पाकडून बॉब कान आले, ज्यांनी व्हिंट सर्फ यांच्यासह टीसीपीची मांडणी केली होती. एनएसएफकडून केंट कर्टिस आले. अनुदान देणाऱ्या संस्थेचा अधिकारी अर्ज लिहिला जाण्यापूर्वीच बैठकीला येऊन बसतो, हे एनएसएफच्या शिस्तीत थोडे वेगळेच. कर्टिस यांनाही संगणकशास्त्र विभागांची ही दुफळी सलत होती, हे उघड आहे.

आणि नोव्हेंबरात तो अर्ज गेला.

९/
एनएसएफची रीत आर्पाच्या अगदी उलट. अर्ज येतो, तो त्याच क्षेत्रातील इतर तज्ज्ञांकडे गुप्तपणे जातो, ते आपले मत लेखी कळवतात, आणि रक्कम मोठी असेल तर नॅशनल सायन्स बोर्डाची मोहोर लागते. टेलरना वीस मिनिटांत जे मिळाले, ते इथे वर्षभराचे काम.

परीक्षकांना जाळ्याची गरज मान्य होती. त्यांच्या शंका योजनेबद्दल होत्या. इतक्या विद्यापीठांचा हा संसार चालवणार कोण? कारभाराची घडी स्पष्ट नव्हती. आर्पानेट आधीच अस्तित्वात असताना त्यापासून तुटलेले दुसरे जाळे उभारण्यातही फारसे शहाणपण दिसत नव्हते.

माझ्या मते हे आक्षेप रास्त होते, आणि ते घेतले गेले हे फार बरे झाले. मूळ योजना जशीच्या तशी मंजूर झाली असती तर अमेरिकी संगणकशास्त्राची कदाचित दोन वेगळी बेटे झाली असती, एक श्रीमंतांचे, एक गरिबांचे. अनुदानाच्या इतिहासात नकाराने प्रकल्प बुडाल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतात. नकाराने प्रकल्प सुधारल्याचे असे उदाहरण दुर्मीळ.

१०/
१९८० च्या उन्हाळ्यात अर्जाची फेरमांडणी झाली. या टप्प्यावर व्हिंट सर्फ यांनी दिलेली सूचना निर्णायक ठरली. नवे जाळे एकाच प्रकारच्या तारांवर बांधण्याचा हट्ट कशाला? जे विद्यापीठ आर्पानेटवर आहे ते तिथेच राहू द्या. ज्याला थोडे पैसे खर्चता येतील ते टेलनेट या व्यापारी सार्वजनिक जाळ्यावरून येऊ द्या. ज्याच्याजवळ काहीच नाही, ते साध्या दूरध्वनीवरून येऊ द्या. या तिन्हींवर टीसीपी/आयपीचा आणि ई-मेलचा समान थर असला, की वापरणाऱ्याला ते एकच जाळे भासेल. जाळ्यांचे जाळे ही कल्पना तोवर बव्हंशी आर्पाच्या प्रयोगांपुरती होती. इथे ती एका नागरी प्रकल्पाचा पाया झाली.

दोन्ही बाजूंचे टपाल परस्परांत मोकळेपणाने ये-जा करील, याला आर्पानेही संमती दिली. भिंतीला दार पडले.

११/
दूरध्वनीवरच्या सर्वांत स्वस्त मार्गाचे नाव होते फोननेट. त्याची कार्यपद्धती समजून घेण्याजोगी आहे, कारण पुढे मुंबईतही आपल्याला तिचे भावंड भेटणार आहे.

डेलावेअर विद्यापीठात आणि रँड संस्थेत मध्यवर्ती संगणक ठेवलेले असत. ते ठरावीक वेळी एकेका विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावत. फोन लागला की तिकडचे जमलेले टपाल उचलायचे, इकडचे सोपवायचे आणि फोन ठेवायचा. पोस्टाची थैली घेऊन एसटी गावोगाव थांबत जाते, तसेच. पत्र पोचायला काही तास लागत, पण विद्यापीठाला लागणारा खर्च म्हणजे एक मोडेम आणि फोनचे बिल. यासाठीचा प्रोग्रॅम डेलावेअरला डेव्ह फार्बर यांच्या चमूत डेव्ह क्रॉकर यांनी घडवला. टेलनेटच्या तारांवर टीसीपी/आयपी चालवण्याचे काम पर्ड्यू विद्यापीठात झाले. कोणाचा पत्ता काय, हे शोधून देणारी निर्देशिका विस्कॉन्सिनने केली.

१२/
जानेवारी १९८१ मध्ये नॅशनल सायन्स बोर्डाने मंजुरी दिली. रक्कम जवळपास ५० लाख डॉलर, म्हणजे आधी नाकारलेल्या मागणीहून मोठी! नाव ठरले सीएसनेट.

मंजुरीसोबत दोन अटी आल्या. पहिली, आरंभीची दोन वर्षे एनएसएफ स्वतः या प्रकल्पाचा कारभार पाहील. अनुदान देऊन बाजूला होणारी संस्था इथे पदर खोचून कामाला लागली. बिल कर्न या अधिकाऱ्यावर ती जबाबदारी आली. दुसरी अट अधिक कठोर होती. पाच वर्षांत सीएसनेटने आपल्या पायांवर उभे राहावे, सभासदांच्या वर्गणीवर चालावे; त्यानंतर सरकारी पैसा नाही.

या दुसऱ्या अटीने बराच घाम फोडला असणार. जाळे लोकांना आवडणे निराळे आणि त्यांनी त्यासाठी खिशात हात घालणे निराळे. शिवाय वर्गणी जास्त ठेवली तर ज्यांच्यासाठी हा खटाटोप, तेच लहान विभाग पुन्हा बाहेर पडणार. तोड अशी निघाली की उद्योगांच्या संशोधनशाळांनाही सभासद करून घ्यायचे आणि त्यांच्याकडून जास्त वर्गणी घ्यायची.

१९८६ पर्यंत अमेरिकेतील बहुतेक संगणकशास्त्र विभाग सीएसनेटवर होते आणि जाळे स्वतःचा खर्च स्वतः भागवत होते. इस्रायल, जर्मनी, दक्षिण कोरिया, जपान, ऑस्ट्रेलिया येथील संशोधकही या वाटेने जोडले गेले. सप्टेंबर १९८७ मध्ये बीजिंगहून बाहेर पडलेला ई-मेल कार्ल्सरूमार्गे याच सीएसनेटवरून जगापुढे आला.

१३/
सीएसनेटचे यश एनएसएफला धीट करून गेले.

तिकडे एक वेगळीच ओरड चालू होती. लॅरी स्मार या खगोलभौतिकीच्या अभ्यासकाला आपली गणिते करण्यासाठी म्युनिकला जावे लागे; तिथला महासंगणक अमेरिकेतच बनलेला! १९८२ मध्ये गणितज्ञ पीटर लॅक्स यांच्या समितीने याच दुखण्यावर अहवाल दिला. परिणामी १९८५ मध्ये एनएसएफने पाच महासंगणक केंद्रांना पैसा दिला. केंद्रे पाच, वापरणारे देशभर. त्यांना जोडणार कशाने?

हा प्रश्न सोडवण्यासाठी डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून डेनिस जेनिंग्ज वर्षभरासाठी आले. या आयरिश गृहस्थांनी वर्षभरात घेतलेले निर्णय पाहिले की थक्क व्हायला होते. जाळे महासंगणकांपुरते राहणार नाही, सर्व संशोधकांसाठी असेल. रचना त्रिस्तरीय असेल: वर राष्ट्रीय कणा, मध्ये प्रादेशिक जाळी, खाली विद्यापीठांची आवारे. आणि प्रोटोकॉल टीसीपी/आयपीच, पर्याय नाही. भौतिकशास्त्रज्ञांच्या गोटात तेव्हा वेगळे प्रोटोकॉल रूढ होते, त्यामुळे वाद झडले. पण पैसा एनएसएफचा होता.

१४/
१९८६ मध्ये एनएसएफनेटचा पहिला कणा सुरू झाला. वेग सेकंदाला ५६ हजार बिट. थोड्याच काळात त्याची अवस्था सकाळच्या विरार लोकलसारखी झाली. जेनिंग्ज यांच्यानंतर आलेले स्टीव्ह वुल्फ यांनी नव्या कण्यासाठी प्रस्ताव मागवले, आणि १९८७ च्या अखेरीस मिशिगनच्या विद्यापीठांच्या ‘मेरिट’ या संघाला काम मिळाले. सोबत आयबीएम आणि एमसीआय या कंपन्या आणि मिशिगन राज्याचे साहाय्य. जुलै १९८८ मध्ये सेकंदाला १५ लाख बिटांचा कणा चालू झाला. पुढे १९९१ पासून ४.५ कोटींचा.

१९६८ ला बोली न लावणारी आयबीएम वीस वर्षांनी स्वतःची यंत्रे आणि माणसे घेऊन सरकारी प्रकल्पात उतरली, हे लक्षात घेण्याजोगे.

१५/
वुल्फ यांच्या काळातल्या दोन अटींनी आजचे इंटरनेट घडवले, असे मी म्हणेन.

पहिली: विद्यापीठाला जोडणीसाठी एनएसएफचे पैसे हवे असतील, तर ती जोडणी आवारातील सर्व पात्र व्यक्तींना खुली हवी. संगणकशास्त्र विभागाने ती कुलूपबंद करून ठेवायची नाही. इतिहासाचा प्राध्यापक, ग्रंथपाल, रसायनशास्त्राचा विद्यार्थी, सर्वांना ती वापरता यायला हवी. १५ विरुद्ध १२० ची जखम ज्या संस्थेने जवळून पाहिली होती, तिनेच ही अट घालावी, यात आश्चर्य नाही.

दुसरी: कण्यावरून केवळ संशोधन आणि शिक्षणाशी निगडित वाहतूक जाईल. व्यापार वर्ज्य. पण त्याच वेळी प्रादेशिक जाळ्यांना सांगण्यात आले की तुम्ही स्थानिक पातळीवर व्यापारी ग्राहक जरूर मिळवा, म्हणजे खर्च वाटला जाईल. हा विरोधाभास वरवरचा आहे. गावातल्या रस्त्यावर मालगाडीला मुभा, पण राष्ट्रीय महामार्गावर बंदी, अशी स्थिती केली तर कोणी ना कोणी खासगी महामार्ग बांधणारच. यूयूनेट, पीएसआय अशा कंपन्या नेमक्या याच फटीतून वाढल्या, आणि एनएसएफला तेच हवे होते.

१६/
तरीही हे संक्रमण स्वच्छ झाले नाही. १९९० मध्ये मेरिट, आयबीएम आणि एमसीआय यांनी मिळून एएनएस ही ना-नफा संस्था काढली. कणा चालवण्याचे काम तिच्याकडे गेले. १९९१ मध्ये तिने एक व्यापारी शाखा उघडली. प्रतिस्पर्धी कंपन्या खवळल्या. जनतेच्या पैशाने पोसलेल्या तारांवर व्यापारी वाहतूक विकण्याची मुभा एकालाच का? मार्च १९९२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. अध्यक्ष रिक बाउचर यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी एनएसएफच्या कायद्यात बदल होऊन व्यापारी वाहतुकीला वाव मिळाला. एनएसएफच्या महानिरीक्षकांनीही या व्यवहाराची तपासणी करून १९९३ मध्ये अहवाल दिला. पुढे एएनएसची मालमत्ता अमेरिका ऑनलाइन या कंपनीने ३.५ कोटी डॉलरना विकत घेतली.

प्रतिस्पर्ध्यांचा प्रश्न आजही जुना झालेला नाही. सरकारी अनुदानातून मक्तेदारीचे बीज पडते का, आणि पडले तर ते वेळीच कोणी उपटायचे? या प्रकरणात बाजार खुला झाला हे खरे, पण तो खुला करण्याचे निर्णय मोजक्या लोकांत झाले आणि जनतेला त्याची वार्ता फार उशिरा लागली. या टीकेत तथ्य आहे, असे मला वाटते.

१७/
३० एप्रिल १९९५ रोजी एनएसएफनेटचा कणा बंद करण्यात आला. वाहतूक खासगी जाळ्यांकडे वळली होती. १९८७ ते १९९५ या काळात या कण्यावर एनएसएफने सुमारे ५.८ कोटी डॉलर खर्च केले. कंपन्यांनी दिलेली सामग्री आणि प्रादेशिक जाळ्यांचा खर्च यात नाही. १९८८ मध्ये काहीशे जाळी त्याला जोडलेली होती, बंद होताना सुमारे ५० हजार. वेबला घराघरांत नेणारा ‘मोझेक’ ब्राउझर १९९३ मध्ये इलिनॉयच्या ज्या केंद्रात जन्मला, तेही एनएसएफच्या त्या पाच महासंगणक केंद्रांपैकीच एक.

सीएसनेटचा शेवट त्याआधीच, १९९१ मध्ये, झाला होता. सर्वांना जोडणारे जाळे तयार झाले, तेव्हा वंचितांसाठीच्या वेगळ्या जाळ्याची गरज उरली नाही. इंटरनेट सोसायटीने २००९ चा जॉन पोस्टेल पुरस्कार सीएसनेटला दिला. तो लँडवेबर, फार्बर, पीटर डेनिंग आणि टोनी हर्न यांनी स्वीकारला.

१८/
आता मुंबई.

१९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या, म्हणजे यूएनडीपीच्या, साहाय्याने एर्नेट हा प्रकल्प हाती घेतला. सहभागी संस्था आठ: दिल्ली, मुंबई, कानपूर, खरगपूर आणि मद्रास येथील आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र अर्थात एनसीएसटी, आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग.

एनसीएसटी ही जुहूची संस्था. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका केंद्रातून ती १९८५ मध्ये स्वतंत्र झाली. तिचे संचालक श्रीनिवासन रमणी. १९८७ च्या सुमारास जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात दूरध्वनीवरून ई-मेलची देवघेव सुरू झाली. पद्धत तीच, फोननेटसारखी: फोन लावा, टपाल उचला, टपाल सोपवा, फोन ठेवा. ज्या शहरात साधा फोन मिळायला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि मिळाल्यावर तो लागेलच याची शाश्वती नसे, तिथे हे चालवणाऱ्यांच्या चिकाटीची कल्पना आपण आज फक्त करू शकतो.

१९/
पुढे संस्थांदरम्यान सेकंदाला ९,६०० बिटांच्या भाड्याच्या लाइन आल्या. देशाबाहेरचा दरवाजाही जुहूतच होता: एनसीएसटीहून थेट व्हर्जिनियातील यूयूनेटकडे. होय, तेच यूयूनेट, जे एनएसएफच्या व्यापारबंदीने पडलेल्या फटीतून वाढले. १९८९ मध्ये भारतासाठी ‘डॉट इन’ हे नाव नोंदले गेले, त्याचा कारभारही एनसीएसटीकडे आला. त्या काळी सरकारी मानके आणि दूरसंचार खाती ओएसआय या वेगळ्या प्रोटोकॉलकडे झुकलेली होती. एर्नेटने दोन्ही ठेवले, आणि प्रत्यक्ष वापरात टीसीपी/आयपीने बाजी मारली. रमणी यांना २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

परंतु आठ संस्था म्हणजे आठच संस्था. अमेरिकेतील १९७९ चे चित्र इथे अधिक भेदक होते. नागपूर, औरंगाबाद किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठातील प्राध्यापक त्या आठांत नव्हता, आणि इथे त्याच्यासाठी पाच वर्षांची मुदत घालून, स्वस्त मोडेम हाती देऊन उभारलेले सीएसनेटही नव्हते. एर्नेट पुढे विस्तारले, उपग्रहावरून दूरच्या संस्थांपर्यंत पोचले. १९९८ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. पण आधी निवडक, मग इतर, हा क्रम इथेही चुकला नाही.

२०/
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. एनएसएफनेटचा कणा बंद होऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते.